एला फिट्झजेराल्ड ऐकायला सुरुवात करताय? कुठला अल्बम आधी, कुठला नंतर आणि कुठला सध्या राहू द्या

एला फिट्झजेराल्ड ही अमेरिकेची मोठी जॅझ गायिका, तिचा अल्बम निवडताना गाण्यांची यादी बघू नका, मागे कोण वाजवतंय ते बघा. एवढी एक सवय लावून घेतली की तिच्या त्या अफाट पसाऱ्यात हरवायला होत नाही, कारण तिने तीच तीच गाणी पाच दशकं पुन्हा पुन्हा गायलीत, कधी नुसत्या पियानोबरोबर, कधी चार वादक घेऊन, कधी ट्रम्पेट-सॅक्सोफोनचा अख्खा ताफा, म्हणजे बिग बँड मागे उभा करून तर कधी व्हायोलिनचा मोठा ताफा घेऊन, आणि साथ बदलली की तिचं गाणंच बदलतं, लय बदलते, ती किती मोकळी सुटते ते बदलतं.

नवीन लोकांचं होतं काय, तर ॲपवर नाव टाकायचं, ढीगभर ‘बेस्ट ऑफ’ येतात त्यातला एक लावायचा, आणि त्यात १९३८ चं एक गाणं, मग १९५९ चं व्हायोलिनवालं, मग मधेच लाइव्ह, असा सगळा काला असतो, कानाला कशाचाच अंदाज येत नाही आणि माणूस म्हणतो आवाज छान आहे पण पुढे काय. एलाच्या बाबतीत तरी ‘बेस्ट ऑफ’ ने सुरुवात अजिबात करू नका, असं मी प्रत्येकाला सांगते. तिचा एक अख्खा अल्बम म्हणजे एक बैठक आहे, ती तशीच सलग ऐकायची.

खाली मी जो क्रम दिलाय तो तारखेप्रमाणे नाही, कान तयार होण्याच्या हिशोबाने आहे. घाई करू नका, एका अल्बमला निदान आठवडा द्या.

आधी तिच्या करिअरचे चार टप्पे डोक्यात बसवा

एलाचा जन्म १९१७ चा, व्हर्जिनियातल्या न्यूपोर्ट न्यूजचा, वाढली न्यूयॉर्कजवळ. १९३४ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या अपोलो थिएटरमधल्या हौशी कलाकारांच्या स्पर्धेत ती नाचायला म्हणून गेली आणि ऐनवेळी गायली, जिंकली, आणि दुसऱ्या वर्षी ड्रमर चिक वेबच्या बँडमध्ये लागली. तिथून १९५५ पर्यंत डेक्का ही रेकॉर्ड कंपनी, हा पहिला टप्पा. दुसरा टप्पा १९५६ ते १९६६, व्हर्व्ह कंपनी, आणि तुम्हाला सुरुवातीला जे काही लागणार आहे ते जवळजवळ सगळं याच दहा वर्षांत आहे. तिचा मॅनेजर नॉर्मन ग्रान्झ याने ही कंपनी काढली आणि पहिलाच अल्बम एलाचा केला, गाणी कुठली, वादक कोण, सगळं त्याने मनावर घेऊन ठरवलं. त्याआधी डेक्कामध्ये तिच्याकडून त्या त्या वेळी चालतील अशी बरीच किरकोळ गाणीपण गाऊन घेतली जायची, तो प्रकार इथे संपला.

तिसरा टप्पा १९६७ पासून पुढची पाचसहा वर्षं, वेगवेगळ्या कंपन्या, एक भक्तिगीतांचा अल्बम, एक कंट्री गाण्यांचा, एकावर रॉकची गाणीपण आहेत. हे सगळं सध्या राहू द्या. चौथा टप्पा १९७३ पासून, ग्रान्झनेच काढलेली दुसरी कंपनी पाब्लो, तिथे आवाज उतरलेला आहे पण समज फार खोल, त्याकडे आपण शेवटी येऊ.

ॲपवर शोधताना आणि एलपी घेताना

हा भाग कंटाळवाणा वाटेल पण इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात, म्हणून अल्बमच्या आधी सांगते.

युरोपात पूर्वी रेकॉर्डिंगचा कॉपीराइट पन्नास वर्षांचा होता, पुढे तो सत्तर केला पण जे तोपर्यंत मोकळं झालं होतं ते मोकळंच राहिलं, म्हणजे १९६२ पर्यंत बाजारात आलेलं एलाचं सगळं काम तिथे कुणीही छापू शकतं. त्यामुळे ॲपवर तिच्या नावाने असंख्य अल्बम दिसतात, कव्हरवर कुठलातरी फोटो, नाव काहीतरी गोडगोड, आणि आत वेगवेगळ्या वर्षांची गाणी कोंबलेली, कधी कधी तर जुन्या तबकडीवरून उतरवून घेतलेली. ओळखायचं कसं? अल्बमच्या पानावर अगदी खाली जी बारीक अक्षरातली ओळ असते ती वाचा, तिथे व्हर्व्ह, डेक्का, पाब्लो यातलं काही नाव दिसलं की बहुतेक वेळा मूळ टेपवरून केलेलं असतं. दुसरी गोष्ट, ॲपवर नावाशेजारी जे वर्ष असतं ते पुष्कळदा री-इश्यूचं असतं, म्हणजे १९५६ चा अल्बम तिथे १९९७ चा किंवा २०१६ चा दिसतो, तेव्हा त्याच्यावर जाऊ नका. आणि शफल बंद करा, गाणं संपल्यावर ॲप आपल्या मनाने पुढचं काहीतरी लावतं तेही बंद करा.

डीलक्स आवृत्ती असेल तर शेवटी तेच गाणं दोनदा तीनदा असतं, हे स्टुडिओत झालेले बाकीचे टेक. नव्या माणसाने मूळ अल्बम जिथे संपतो तिथे थांबावं.

एलपी घेणाऱ्यांसाठी एकच सांगणं, मोनो (एकाच चॅनेलचा आवाज) लिहिलंय म्हणून कमी दर्जाचं समजू नका. १९५६ चं कोल पोर्टरचं साँगबुक (त्या एका संगीतकाराच्या गाण्यांचा संग्रह) काय किंवा ट्रम्पेटवादक-गायक लुई आर्मस्ट्राँगबरोबरचा पहिला अल्बम काय, मुळात मोनोच रेकॉर्ड झालेत, त्यांच्यावर कुणी स्टीरिओ छापलं असेल तर ते नंतर केलेलं आहे, आणि अशा प्रती मी तरी दुकानात परत ठेवते. १९५८-५९ पासून पुढचे मात्र स्टीरिओ बिनधास्त घ्या, तिला पुढे साथ देणारा नेल्सन रिडलचा ऑर्केस्ट्रा स्टीरिओमध्येच उघडतो.

पहिला अल्बम: एला अँड लुई, १९५६

इथून सुरुवात करा, दुसरा विचार नको. ११ गाणी, सगळी संथ किंवा मध्यम लयीतली, १६ ऑगस्ट १९५६ या एका दिवसात हॉलिवूडच्या स्टुडिओत रेकॉर्ड झालेली. मागे फक्त चार माणसं, पियानोवर ऑस्कर पीटरसन, गिटार हर्ब एलिस, बास रे ब्राउन, ड्रमवर बडी रिच. रे ब्राउन हा एलाचा आधीचा नवरा, १९५३ मध्ये वेगळे झाले होते, पण एकत्र काम करत राहिले आणि त्याचा बास या अल्बममध्ये एखाद्या खांबासारखा उभा आहे.

नवीन माणसाला हा अल्बम चालतो कारण दोन आवाज शेजारी शेजारी आहेत. लुईचा घोगरा, खडबडीत, प्रत्येक शब्द चघळत म्हणणारा, आणि एलाचा स्वच्छ, कुठेही कडा नसलेला. एकटी एला ऐकली तर तिचा स्वच्छपणा सुरुवातीला सपाट वाटू शकतो, लुईच्या शेजारी तोच स्वच्छपणा काय चीज आहे ते कळतं. ग्रान्झने नंतर सांगितलंय की गाणी लुईनेच निवडावीत असा एलाचा हट्ट होता, आणि पट्टीही त्याच्याच सोयीची धरली, स्वतःला अडचणीची झाली तरी. एवढी मोठी गायिका, पण लुईसमोर अशी वागायची, आणि हा आदर गाण्यातही ऐकू येतो, ती त्याच्यावर कधीही चढून गात नाही.

‘चीक टु चीक’ लावा. आधी लुई गातो, शब्द जरा मागे रेंगाळत, मग एला येते आणि तीच चाल, तेच शब्द, पण आता सगळं जमिनीवरून चार इंच वर उचलल्यासारखं होतं. या गाण्याबरोबर एक छोटा सराव करा. आपल्याला समेवर टाळी द्यायची सवय, म्हणजे चारातल्या पहिल्या मात्रेवर हात जातो. इथे दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर टाळी द्या किंवा चुटकी वाजवा. सुरुवातीला हात अडखळेल, पण दोनतीन गाण्यांत बसतं, आणि एकदा ते बसलं की स्विंग म्हणजे काय हे कुणी शिकवायची गरज राहात नाही, ते अंगात येतं. नंतर लक्ष देऊन ऐका, एला शब्द त्या मात्रेवर बरोबर टाकत नाही, किंचित आधी नाहीतर किंचित नंतर टाकते, आणि तरी कधीही लय सुटलेली वाटत नाही.

याचा पुढचा भाग १९५७ चा ‘एला अँड लुई अगेन’, तो आवडला तर ऐका, चांगला आहे, पण लांब आहे आणि पहिल्याची नजाकत त्यात थोडी पातळ होते असं माझं मत.

दुसरा अल्बम: बर्लिन, १९६०

आता तिला लोकांसमोर ऐका. १३ फेब्रुवारी १९६०, बर्लिनचं डॉइचलांडहाले हे प्रचंड सभागृह, समोर हजारो माणसं, मागे फक्त चौघं, पॉल स्मिथ पियानो, जिम हॉल गिटार, विल्फ्रेड मिडलब्रुक्स बास आणि गस जॉन्सन ड्रम. अल्बमचं नाव ‘मॅक द नाइफ: एला इन बर्लिन’. मला विचाराल तर तिचा एकच अल्बम ठेवायचा झाला तर हा.

पण सरळ त्या प्रसिद्ध गाण्यावर उडी मारू नका. पहिल्या ट्रॅकपासून लावा, कारण सुरुवातीला ती संथ गाणी फार जपून, जवळजवळ स्टुडिओसारखी गाते, आणि मैफल जसजशी पुढे जाते तसतशी ती मोकळी होत जाते, हा चढ ऐकणं हीच खरी मजा आहे.

मग येतं ‘मॅक द नाइफ’. हे मुळात बर्लिनचंच गाणं, कुर्ट वाइलची चाल, १९२८ मध्ये तिथल्याच एका नाटकात पहिल्यांदा गायलं गेलेलं, आणि १९५९ मध्ये गायक बॉबी डॅरिनमुळे अमेरिकेत नव्याने गाजलेलं. एला आधीच लोकांना सांगते की कुठल्या बाईला हे गाताना आम्ही ऐकलं नाहीये, शब्द आठवतील अशी आशा करू या. दोनतीन कडवी नीट जातात आणि मग शब्द गेले. आणि ती थांबत नाही! पुढचं कडवं काय आहे हेच ती चालीत विचारते, मग बॉबी डॅरिनने हे गायलंय, लुईने गायलंय, आता आम्ही त्याचा चुथडा करतोय असं त्याच चालीत, यमक जुळवत गाते, मधेच लुईचा घोगरा आवाज काढते, आणि हे सगळं होत असताना पट्टी वर वर सरकत असते, बँड एकदाही डगमगत नाही. हे तीनदा ऐका. पहिल्यांदा नुसती मजा म्हणून, दुसऱ्यांदा शब्द गेल्यावर तिची लय कुठे हलते का ते बघायला (नाही हलत), आणि तिसऱ्यांदा फक्त मागचा पियानो आणि ड्रम ऐका, ते तिला कसं उचलून धरतात ते. या रेकॉर्डिंगला ग्रॅमी मिळालं.

त्यानंतरचं ‘हाउ हाय द मून’ म्हणजे तिच्या स्कॅटचा कळस. स्कॅट म्हणजे शब्द सोडून नुसत्या अक्षरांवर केलेलं गाणं, तराणा ऐकलेल्या कानाला हे परकं वाटायचं कारण नाही, फरक इतकाच की इथे अक्षरं ठरलेली नसतात आणि गायिका तिथल्या तिथे ट्रम्पेट, सॅक्सोफोन, बास अशी वाद्यं होत जाते. सातेक मिनिटं ती थांबत नाही, मधे कितीतरी दुसऱ्या गाण्यांचे तुकडे पेरते, सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करची याच गाण्याच्या कॉर्ड्सवर (मागे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या क्रमावर) बांधलेली चाल घेते, आणि शेवटी धूर डोळ्यांत जातो अशा ओळीचं जे प्रसिद्ध गाणं आहे त्यात धुराऐवजी घाम घालून टाकते, कारण तोवर ती खरंच घामाघूम झालेली असते. सगळे तुकडे ओळखता आले पाहिजेत असं काही नाही. दर वेळी एखादा नवा सापडतो.

इथे एक जोडून करायची गोष्ट. हेच गाणं तिने १९४७ मध्ये डेक्कासाठी रेकॉर्ड केलंय, ते लगेच लावा. चाल तीच, स्कॅटचे काही तुकडेसुद्धा तेच, म्हणजे बर्लिनला जे ऐनवेळचं वाटलं त्यातलं बरंच तिने वर्षानुवर्षं घोटलेलं होतं. हे कळल्यावर तिच्याबद्दलचा आदर वाढतो. रियाज आणि ऐनवेळचं सुचणं यांची सरमिसळ कशी असते हे या दोन रेकॉर्डिंगवरून जितकं कळतं तितकं वाचून कळत नाही.

साँगबुक: एकच निवडा

एलाचं नाव काढलं की लोक आठ साँगबुक सांगतात. अमेरिकन नाटक-सिनेमांच्या एकेका मोठ्या संगीतकाराची किंवा गीतकाराची निवडक गाणी घेऊन केलेले हे संग्रह, १९५६ चं कोल पोर्टर पहिलं आणि १९६४ चं जॉनी मर्सर शेवटचं. मधे रॉजर्स अँड हार्ट, एलिंग्टन, आर्विंग बर्लिन, गर्श्विन, हॅरल्ड आर्लेन, जेरोम कर्न. काम ऐतिहासिक आहे यात वादच नाही, ही गाणी म्हणजे एक ठेवा आहे आणि तो असा एका जागी ठेवायचा असतो हे तिथल्या लोकांनाही या संग्रहांमुळे नीट कळलं.

पण नवीन माणसाने आठही एकदम घेऊ नयेत, आणि एकाच वेळी अख्खं साँगबुक तर मुळीच ऐकू नये. गर्श्विनचं एकटं पाच एलपींचं आहे, ५३ गाणी! ही बसून सलग ऐकायची गोष्टच नाही. शिवाय साँगबुकमध्ये ती मुद्दाम सरळ गाते, चाल जशी लिहिलीय तशी, शब्द स्वच्छ, स्कॅट जवळपास नाही, कारण इथे गाणं पुढे आणि गायिका मागे असं ठरलेलं आहे. बर्लिनची मैफल आधी ऐका म्हणते ते यासाठीच, ती काय काय करू शकते हे माहीत असलं की ती इथे काय काय करत नाहीये ते ऐकू येतं.

माझी निवड रॉजर्स अँड हार्ट, १९५६, चाली रॉजर्सच्या आणि शब्द हार्टचे. ऑर्केस्ट्रा बडी ब्रेगमनचा, कोल पोर्टरलाही तोच होता आणि तेव्हा जेमतेम पंचविशीत. कोल पोर्टरच्या गाण्यांत चतुराई जास्त, हार्टच्या शब्दांत दुखरेपणा जास्त, आणि एलाबद्दल जो एक आक्षेप नेहमी घेतला जातो की ती दुःखी गाणं दुःखी करत नाही, त्याला उत्तर म्हणून यातलं ‘बिविच्ड’ ऐका. सात मिनिटांचं आहे, सगळी कडवी घेतलीत, आणि ती कुठेही रडवेली होत नाही, नुसतं सांगत जाते, एखादी शहाणी बाई स्वतःच्या फजितीबद्दल मैत्रिणीला सांगेल तसं. मला तरी ते रडव्या गायकीपेक्षा जास्त लागतं.

ऐकताना गाण्याची बांधणी लक्षात घ्या. या गाण्यांना सुरुवातीला एक मोकळ्या लयीतला प्रस्तावनेचा भाग असतो, त्याला व्हर्स म्हणतात, बरेच गायक तो गाळून टाकतात, एला साँगबुकमध्ये तो आवर्जून गाते. मग मुख्य भाग, बहुतेक वेळा ३२ बारचा (एक बार म्हणजे चार मात्रा), आठ-आठचे चार तुकडे, त्यातला तिसरा वेगळ्या चालीचा. हे एकदा मोजून बघा, नंतर आपोआप जाणवत राहतं.

गर्श्विनचं (१९५९, नेल्सन रिडल) दुसऱ्या नंबरला ठेवा आणि रोज चारपाच गाणी अशा हिशोबाने घ्या. एलिंग्टनचं १९५७ चं मात्र सगळ्यात शेवटी. ते एकमेव साँगबुक आहे ज्यात संगीतकार स्वतः आपला बँड घेऊन हजर आहे, त्याचा साथीदार संगीतकार बिली स्ट्रेहॉर्न आहे, बेन वेब्स्टरचा सॅक्सोफोन आहे, आणि एलिंग्टन-स्ट्रेहॉर्नने मिळून एलाचं सुरांतलं एक व्यक्तिचित्रही लिहिलंय. पण मूळ वाद्यांसाठी लिहिलेल्या चाली आहेत, काही ठिकाणी शब्दच नाहीत, कान तयार असेल तरच ते उघडतं. एलिंग्टन १९६३ मध्ये बँड घेऊन मुंबईला येऊन गेला, लुई १९६४ मध्ये, तेव्हा आपल्याकडच्या जुन्या पिढीतल्या काहींनी या लोकांना प्रत्यक्ष ऐकलंय.

पियानो आणि ती, बस्स

हा भाग लहान आहे पण वगळू नका. १९५० मध्ये डेक्कासाठी तिने पियानोवादक एलिस लार्किन्सबरोबर गर्श्विनची आठ गाणी केली, ‘एला सिंग्ज गर्श्विन’, दहा इंची तबकडी होती. १९५४ मध्ये पुन्हा त्याच्याचबरोबर एक अल्बम झाला आणि पुढे हे दोन्ही मिळून ‘प्युअर एला’ नावाच्या सीडीवर आले, ॲपवर या नावाने शोधा. बास नाही, ड्रम नाही, तरी लय एका जागी घट्ट. लार्किन्स इतका हळुवार वाजवतो की कधी कधी तो आहे हेच विसरायला होतं.

आता ‘बट नॉट फॉर मी’ हे गाणं आधी इथलं ऐका आणि मग १९५९ च्या साँगबुकमधलं, रिडलच्या ऑर्केस्ट्राबरोबरचं, ज्याला ग्रॅमी मिळालं. मागे कोण वाजवतंय ते बघा असं मी सुरुवातीलाच का म्हटलं ते या एका जोडीत सगळं आहे. ऑर्केस्ट्राबरोबर ती लांब, सरळ रेषा ओढते कारण मागे भरपूर चाललेलं असतं, पियानोबरोबर तीच ओळ ती तोडते, श्वासाची जागा ठेवते, शब्दाच्या शेवटाकडे आवाज जवळजवळ संपवते. मला १९५० चं जास्त आवडतं, तुम्ही दोन्ही ऐकून आपलं ठरवा.

रात्री ऐकायला असंच काही हवं असेल तर १९६० चा ‘लेट नो मॅन राइट माय एपिटाफ’, पॉल स्मिथच्या पियानोबरोबर, पुढे तो ‘द इंटिमेट एला’ या नावाने निघाला. दोन्ही नावांनी शोधा, अल्बम एकच आहे.

आता बिग बँड

मुद्दाम इतक्या उशिरा, कारण ब्रासचा, म्हणजे ट्रम्पेट-ट्रॉम्बोनचा दणका आधी ऐकला की आवाजाच्या बारीक जागा कानाआड जातात. १९६३ चा ‘एला अँड बेसी’ घ्या, काउंट बेसीचा बँड, मांडणी क्विन्सी जोन्सची. इथे गिटारवाला फ्रेडी ग्रीन ऐकायचा प्रयत्न करा, तो एकही सोलो घेत नाही, फक्त प्रत्येक मात्रेवर एक एक स्ट्रोक, आणि सगळा बँड त्याच्यावर चालतो. हेडफोन लावल्याशिवाय तो सापडणार नाही.

दुसरा १९५८ मध्ये रेकॉर्ड झालेला ‘एला स्विंग्ज लाइटली’, मार्टी पेचच्या छोट्या बँडबरोबर. ज्यांना बेसीचा जोर जास्त वाटतो त्यांना हा फार आवडतो, सगळं हलकं, चपळ.

आपल्या लोकांना या भागात एक फायदा आहे. सी. रामचंद्रांची १९५१ च्या ‘अलबेला’मधली गाणी कानात असतील तर ब्रास आणि लयीचा हा ढंग ओळखीचा वाटेल, त्या सिनेमात चिक चॉकलेट हा गोव्याचा ट्रम्पेटवादक आपल्या बँडसकट पडद्यावरही दिसतो. मुंबईच्या हॉटेलांतून स्विंग वाजवणारे असे कितीतरी गोवन वादक दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला असायचे, तेव्हा हा ढंग आपल्या कानांवर फार आधीपासून पडलाय.

आणि डिसेंबर असेल तर १९६० चा ‘एला विशेस यू अ स्विंगिंग ख्रिसमस’ लावून टाका. नाताळची गाणी आहेत म्हणून त्याला हलकं समजू नका, लयीच्या दृष्टीने पक्का अल्बम आहे.

उतरलेला आवाज

पाब्लोचे अल्बम काही लोक टाळायला सांगतात, मला ते पटत नाही. १९७३ मध्ये तिने गिटारवादक जो पासबरोबर ‘टेक लव्ह ईझी’ रेकॉर्ड केला, फक्त दोघं. आवाजाला कंप आलाय, वरच्या सुरांना पूर्वीची सफाई नाही, मधुमेहामुळे डोळ्यांचा त्रास तर आधीच सुरू झाला होता. पण ती आता शब्दांकडे जास्त लक्ष देते, तरुणपणी ज्या ओळीवरून सुळकन निघून जायची तिथे थांबते. हा अल्बम पहिला ऐकला तर काहीच कळणार नाही, आणि वरचं सगळं ऐकून झाल्यावर ऐकलात तर अंगावर येतो. जो पासबरोबर तिचे चार अल्बम आहेत, पहिला सगळ्यात चांगला.

मागे जायचं असेल तर

चिक वेबच्या बँडमधली, १९३५ ते १९३९ ची गाणी मी मुद्दाम इतकी मागे ठेवली. रेकॉर्डिंग जुनं, आवाज कोवळ्या मुलीचा, गाणी बरीचशी बालिश, १९३८ चं तिचं सगळ्यात गाजलेलं गाणं तर लहान मुलांच्या खेळगाण्यावरूनच केलेलं. पण ही नाचायला वाजवलेली गाणी आहेत, हार्लेमच्या सॅव्हॉय बॉलरूममध्ये शेकडो जोडपी या बँडवर नाचायची, आणि एलाची लय जी पुढे आयुष्यभर हलली नाही ती तिथे पक्की झाली. चिक वेबला लहानपणी मणक्याचा क्षय झाला होता, उंची खुंटलेली, पण त्याचे ड्रम ऐकून विश्वास बसत नाही. १९३९ मध्ये तो गेला तेव्हा एला फक्त २२ वर्षांची होती आणि बँड तिच्या नावावर चालू राहिला, १९४२ पर्यंत.

या काळासाठी मात्र संकलनच घ्यावं लागतं, कारण तेव्हा अल्बम नव्हतेच, तीन मिनिटांच्या दोन बाजूंच्या तबकड्या निघायच्या. संकलन तारखेच्या क्रमाने लावलेलं आणि डेक्काचं असेल असं बघा.

एवढं झाल्यावर तुमचा तुम्हाला रस्ता सापडतो. अधूनमधून तिचे नवे लाइव्ह अल्बम निघत असतात, म्हणजे रेकॉर्डिंग जुनं पण कपाटातून आत्ता बाहेर आलेलं, जसा २०२० मध्ये आलेला ‘द लॉस्ट बर्लिन टेप्स’, तो १९६२ च्या बर्लिनच्या मैफलीचा आहे, किंवा २०१७ मध्ये आलेला ‘एला ॲट झार्डीज’, तो फेब्रुवारी १९५६ चा, म्हणजे साँगबुक सुरू व्हायच्या अगदी तोंडावरचा. असा काही नवीन दिसला की आधी रेकॉर्डिंगची तारीख आणि पियानोवर कोण आहे ते शोधा, १९५६ ते १९६६ मधलं असेल तर डोळे मिटून घ्या, आणि दोन बर्लिन तर लागोपाठ ऐकाच, कारण १९६२ मध्येही ती ‘मॅक द नाइफ’ गाते.